मोऱ्या, यंदा जावळी मांडू का?

ह्यूस्टन,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मोऱ्या,

आठ महिने झाले, पत्र नाही. कारणं सांगत नाही, तुला सगळी पाठ आहेत. माझी साखर आटोक्यात, गुडघा होता तसाच. मंदीच्या ऑपरेशनचं शिऱ्याकडून कळलं, तेव्हाच फोन करायला हवा होता. नाही केला. त्याबद्दल दोन शिव्या आत्ताच देऊन घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

काल एक गंमत झाली. गंमत म्हणतोय खरा, पण झोप लागत नाहीये. हे फक्त तुलाच सांगता येईल. हिला सांगितलं तर म्हणाली, "प्लास्टिकची बाहुली आहेत ती, झोप."

माझा अलामोचा, म्हणजे मेक्सिकोविरुद्ध बंड केलेल्या टेक्सासवाल्यांनी सॅन अँटोनियोत लढवलेल्या गढीचा, खेळण्यातला सेट तुला ठाऊकच आहे. मार्क्स कंपनीचा, पन्नाशीच्या दशकात टीव्हीवर डेव्ही क्रॉकेट गाजत होता त्या काळातला. (मार्क्सचा माल जमवतोय म्हटल्यावर आप्पांना वाटलं होतं, पोरगं शेवटी सुधारलं. हा लुई मार्क्स, आप्पा, खेळणीवाला! किती निराश झाले होते.) मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथं १८० डॉलरला मिळाला. छापील पत्र्याच्या भिंती, त्यांच्या कडेच्या जिभल्या खाचेत घालून दुमडायच्या. दोन जिभल्या तुटल्यात, तिथं मी तांब्याची तार ओवली आहे. आत क्रॉकेट आणि बाकीची टेक्सासची माणसं, बाहेर निळ्या प्लास्टिकचे मेक्सिकन शिपाई. एका निळ्याच्या संगिनीचं टोक कुठल्या तरी पोरानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी चावलंय. दातांचे ठसे अजून दिसतात.

जेवणाच्या टेबलावर मी तो मांडतो आणि नेहमी ५ मार्च १८३६ च्या रात्रीवर थांबवतो. वेढ्याचा बारावा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपलं, आतले जवळजवळ सगळे लढवय्ये कापले गेले. मला ती पहाट नको असते. शिड्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो.

काल शेजारचा पोरगा आला. आठ वर्षांचा, आईबाप मेक्सिकोतून आलेले. चकलीच्या वासानं आला असणार. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "यातले आमचे कुठले?"

मी निळे दाखवले.

"जिंकलं कोण?"

"निळे."

"मग ते बाहेर का?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, आज अजून पाच तारीख आहे. तो म्हणाला, मग सहा करू. दोन मिनिटांत त्यानं सगळे निळे भिंतीवरून आत घातले. क्रॉकेट आडवा. चावक्या संगिनीचा शिपाई थेट चॅपलच्या दारात. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आता?"

'आता' म्हणजे सॅन जॅसिंटो, मोऱ्या. दीड महिन्यानं, २१ एप्रिलला. अठरा मिनिटांत मेक्सिकोच्या सेनापतीच्या, सांता आनाच्या फौजेचा धुव्वा उडाला आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः पकडला गेला. ती जागा माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे. तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी मी त्याच्या हातात चार चकल्या दिल्या आणि घरी पाठवलं.

आणि मग तू डोळ्यांसमोर आलास. १९८३ ची दिवाळी, तुमच्या वाड्याचं मागचं अंगण. पोती चिखलात बुडवून केलेला डोंगर, त्यावर अळीव, बुरुजाला काव. पावनखिंड दोनदा झाली, प्रतापगड झाला, म्हणून यंदा जावळी करू, अशी अक्कल मीच पाजळली होती. तुझं आडनाव मोरे, तेव्हा तू चंद्रराव. बाकी सगळे मावळे माझे. तू म्हणालास, निदान मुरारबाजी तरी मला दे, तो तेव्हा मोऱ्यांकडूनच लढत होता. मी म्हटलं, तो पुरंदरावर महाराजांसाठी मेला, म्हणून तो आमचा. आणि तुझ्या हातातून ओढून घेतला. तू बुरूज लाथेनं पाडलास. मी जाऊन बाबूराव सरांना सांगितलं. पुढचं तुला आठवतंय, मला तर तुझ्यापेक्षा जास्त आठवतं. (तरीही माझी तोफ तू मुद्दामच फोडलीस. चुकून पाय पडला म्हणे!)

मुद्द्यात तुझं बरोबर होतं रे. १६५६ साली मुरारबाजी तुमच्याच बाजूला होता.

गेली वीस वर्षं हे सेट जमवतोय, म्हणून लढाई कशी निवडतात ते मला कळतं, असा माझा समज होता. एक दार लागतं, एक भिंत लागते, आत थोडे, बाहेर खूप. एअरफिक्स या खेळण्यांच्या कंपनीनं वॉटर्लू काढलं तेव्हा ला ए सेंतचा तेवढा वाडा दिला, कारण उघड्या रानात पोरांनी नेमकं काय राखायचं? फोर्ट अपाची हा खेळण्यातला किल्ला वर्षानुवर्षं खपला, तो कुठल्या एका खऱ्या लढाईचा नसतानाही. पावनखिंडही त्यातलीच, दाराऐवजी खिंड. आपल्याकडं पानिपत कोणी अंगणात मांडलेलं बघितलंस? पण आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवणाऱ्यानं टेबलाशी कोण पोर उभं राहणार याचा विचार केलेला नसतो. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांत तर शत्रू जवळजवळ नसतोच. महाराज, मावळे, गवळण, वाघ. वाघ मावळ्यापेक्षा लहान, महाराज दरवाजापेक्षा मोठे, पण सगळे आपले. शत्रू सहसा विकत मिळत नाही, म्हणून तो कोणाला तरी व्हावं लागतं.

मागे सॅन अँटोनियोला गेलो होतो. तिथला ग्रेगोरिओ एस्पार्झा अलामोच्या आत मेला आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस्को सांता आनाच्या बाजूचा होता. बाकीच्यांचे देह जाळले, याला मात्र भावानं परवानगी काढून पुरलं. ते ऐकताना तुझी आजी आठवली. "दोन्हीकडं आपलीच माणसं होती रे," म्हणत ती पडलेल्या बुरुजाची माती गोळा करत होती. आपण दोघंही तिच्यावर हसलो होतो. त्या एका गोष्टीत आपली एकी होती.

तर अडचण अशी. शनिवारी तो पोरगा परत येणार आहे. दिवाळीचा किल्ला करायचा म्हटल्यावर विचारतोय, माझे निळे आणू का? 'माझे' म्हणाला, लक्षात घे. आणि मला जावळी मांडावीशी वाटतेय. निळे मोऱ्यांकडून. पण त्यानं परत "जिंकलं कोण?" विचारलं तर? आणि सॅन जॅसिंटोचं सांगू का? शाळेत कळेलच कधीतरी. माझ्याकडून कळलं तर बरं, की माझ्याकडून तर नकोच? तू चंद्रराव झाला होतास, तुला माहीत असेल.

बँकेतून सुटलास म्हणे, अभिनंदन. पोरीचं लग्न डिसेंबरात नक्की का? तिकिटं महाग आहेत, पण बघतो. मंदीला सांग, जिने चढू नको.

चंद्ररावाला वाड्याच्या दारात उभा करू की बुरुजावर, तेवढं शनिवारच्या आत कळव. मुरारबाजी त्याच्या शेजारी ठेवतोय. कुंभारवाड्यातलाच आहे, कावेचा डाग असलेला. हो, तोच. तेव्हापासून माझ्याकडंच होता.

तुझा,
बाळ्या