करार वाचता येणारा गोलरक्षक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडा प्रबोधिनींकडे वळणाऱ्या मुंबईतील मुलांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. खेळात वरपर्यंत जायचे असेल तर दहावीनंतर अभ्यासाचा नाद सोडलेला बरा, पदवी काय नंतरही घेता येते, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. त्याला उत्तर म्हणून मला जी कारकीर्द आठवली ती आइस हॉकीतली आहे. मुंबईत बर्फ दिसतो तो ससून डॉकच्या मासळीवर नाही तर गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यामुळे या खेळाचे नाव काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण शिक्षण खेळाडूला नेमके केव्हा उपयोगी पडते, हे केन ड्रायडन यांच्या आयुष्यातून जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

५ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी ड्रायडन यांचे निधन झाले. कॅनडातील हॅमिल्टन येथे जन्मलेल्या या गोलरक्षकाला १९६४ मध्येच व्यावसायिक संघाने हेरले होते. परंतु त्यांनी आधी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतली आणि नंतर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तो अभ्यास सांभाळून ते मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या दुय्यम संघाकडून खेळत असतानाच मार्च १९७१ मध्ये त्यांना मुख्य संघात बोलावणे आले. नियमित हंगामाचे अवघे ६ सामने खेळलेल्या या विद्यार्थ्याला संघाने थेट बाद फेरीत, बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटो यांच्या गतविजेत्या बॉस्टनसमोर उभे केले. सात सामन्यांपर्यंत ताणलेली ती मालिका मॉन्ट्रियलने जिंकली, पुढे उत्तर अमेरिकेतील एनएचएल या मुख्य व्यावसायिक लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली चषकही जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान ड्रायडन यांना मिळाला. सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मात्र त्यांना त्यानंतरच्या वर्षी मिळाला, कारण नियमानुसार ते अजून नवोदितच होते. (१९७१ च्या एप्रिलमध्ये अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकत होता, तेव्हा ड्रायडन यांच्या बातमीची दखल इथे कोणी घेतली असण्याची शक्यता कमीच.)

मला ज्या घटनेकडे लक्ष वेधायचे आहे ती १९७३ सालची. ड्रायडन यांनी त्या वर्षी कायद्याची पदवी पूर्ण केली होती, दुसरा स्टॅन्ली चषक जिंकला होता आणि सर्वात कमी गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला त्या काळी दिला जाणारा व्हेझिना चषकही पटकावला होता. नुकतीच सुरू झालेली प्रतिस्पर्धी लीग खेळाडूंना भरघोस पैसे देऊ लागली होती आणि ड्रायडन यांच्यापेक्षा कमी कर्तृत्वाच्या गोलरक्षकांना त्यांच्याहून अधिक मेहनताना मिळत होता. त्यांनी वाढ मागितली, व्यवस्थापनाने नकार दिला. अशा वेळी खेळाडू सहसा दोनच गोष्टी करतो, एक तर मुकाट्याने खेळतो किंवा वर्तमानपत्रांतून रागावतो. ड्रायडन यांनी पॅड उतरवले आणि वकिलीची सनद मिळवण्यासाठी करावी लागणारी उमेदवारी करायला ते टोरोंटोतील एका विधी कंपनीत जाऊन बसले. खेळाच्या मानाने तिथला पगार अगदीच किरकोळ होता, पण वर्ष वाया जात नव्हते. इकडे मॉन्ट्रियलने आदल्या हंगामात १८४ गोल स्वीकारले होते, ते त्यांच्याविना २४० वर गेले आणि संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गारद झाला. पुढच्या हंगामात ड्रायडन सुधारित अटींवर परतले. त्यानंतर १९७६ ते १९७९ असे सलग चार स्टॅन्ली चषक त्या संघाने जिंकले.

शिक्षण म्हणजे निवृत्तीनंतरची तरतूद, असे आपल्याकडे मुलांना समजावले जाते. ड्रायडन यांच्या बाबतीत ते ऐन उमेदीच्या काळात कामाला आले. ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्यांना केवळ गोलापुढच्या चपळाईतून आली नव्हती. खेळ थांबला तरी आपले अडणार नाही ही खात्री त्यामागे होती. आणि समोरच्यालाही ते ठाऊक होते.

याच्या उलट उदाहरण, दुर्दैवाने, त्या १९७१ च्या मालिकेत समोर उभ्या असलेल्या बॉबी ऑर यांचे आहे. या खेळाचे अनेक जाणकार त्यांना आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मानतात. त्यांचे सर्व व्यवहार पाहणारे वकील अ‍ॅलन ईगलसन हे एकाच वेळी खेळाडूंच्या संघटनेचेही प्रमुख होते, आणि यात काही वावगे आहे असे कित्येक वर्षे कोणाला वाटले नाही. १९७६ मध्ये ऑर बॉस्टन सोडून शिकागोला गेले. बॉस्टनने आपल्याला संघाच्या मालकीत सुमारे १८.५ टक्के वाटा देऊ केला होता, ही गोष्ट ईगलसन यांनी आपल्याला सांगितलीच नाही, असे ऑर यांनी पुढे सांगितले. गुडघ्यांची पार वाताहत झाल्याने १९७८ मध्ये, तिशीत, त्यांना खेळ सोडावा लागला, तेव्हा हाती जवळपास काहीच उरले नव्हते. ईगलसन यांनी १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि ते तुरुंगात गेले. दोष ऑर यांचा नव्हता. विश्वास टाकणे हा गुन्हा नव्हे. परंतु समोरचा कागद स्वतः वाचून प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल अशी व्यवस्था त्यांच्याभोवती कोणीही केलेली नव्हती.

ड्रायडन यांच्यासारखी परिस्थिती सर्वांना लाभत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्यापुढे लॅरी रॉबिन्सन आणि सर्ज सव्हार्ड यांच्यासारखे बचावपटू होते; १९७६-७७ च्या हंगामात तो संघ ८० पैकी केवळ ८ सामने हरला. नियमित हंगामातील ३९७ सामन्यांत २५८ विजय आणि फक्त ५७ पराभव हा हिशेब एकट्या गोलरक्षकाचा असू शकत नाही. १९७९ मध्ये, सहावा स्टॅन्ली चषक जिंकून, ३१ व्या वर्षी ते निवृत्त झाले. नंतरचे लेखन, टोरोंटोच्या संघाचे अध्यक्षपद, २००४ ते २०११ ही खासदारकी आणि त्यातील सुरुवातीचे केंद्रीय मंत्रिपद यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मुद्द्याला त्याची फारशी गरज नाही.

आता मुंबईकडे. या शहरात खेळाडूला आधार होता तो कचेऱ्यांचा. बँका, रेल्वे, एअर इंडिया, टाटा, महिंद्र यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, टाइम्स शील्ड या कचेऱ्यांच्या क्रिकेट स्पर्धेचे सामने त्यावरच रंगले. वाडेकर कसोटी कर्णधार असतानाही स्टेट बँकेचे कर्मचारी होते. ती व्यवस्था आता विरळ होत चालली आहे आणि तिची जागा फ्रँचायझींच्या करारांनी घेतली आहे. आयपीएल २००८ मध्ये आणि प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून लालबाग-परळच्या कबड्डी मंडळातला किंवा आझाद मैदानावरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा इंग्रजीतील कित्येक पानांच्या कागदावर सही करतो. दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणी करायचा, जाहिरातीचे हक्क कोणाचे, करार मध्येच कोण मोडू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले असेलच असे नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटनाही निवृत्तांसाठी आहे, मैदानावर असलेल्यांसाठी नाही.

खेळ आणि अभ्यास एकत्र जमत नाहीत, हे मुंबईने तरी म्हणू नये. पहाटेची लोकल पकडून चर्चगेटजवळच्या विधी महाविद्यालयाचे सकाळचे वर्ग करायचे आणि मग दिवसभर कचेरीत बसायचे, अशा रीतीने वकील झालेल्या कारकुनांच्या पिढ्या या शहरात होऊन गेल्या आहेत. याच शहराचे वीरेन रस्किन्हा २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भारताकडून हॉकी खेळले आणि नंतर ऐन भरात खेळ सोडून व्यवस्थापन शिकायला गेले. मात्र त्यांना त्यासाठी खेळ सोडावा लागला, तर मॅकगिलमध्ये शिकत असलेल्या ड्रायडन यांना संघाने सामावून घेतले होते. हा फरक संघांनी भरून काढण्याजोगा आहे.

म्हणून दोन सूचना आहेत. एकवीस वर्षांखालील कोणत्याही खेळाडूशी करार करणाऱ्या संघाने त्या कराराची मराठी प्रत त्याला सहीपूर्वी किमान आठवडाभर आधी द्यावी आणि पदवीच्या परीक्षांचे दिवस सरावातून मोकळे ठेवण्याचे कलम त्यात घालावे. तसेच शहरातील विधी महाविद्यालयांनी आपल्या विधी साहाय्य कक्षांतून असे करार विनामूल्य वाचून समजावून द्यावेत. विद्यार्थ्यांना त्यातून अनुभव मिळेल आणि खर्चही फारसा येणार नाही. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी पुढील लिलावाच्या वेळी बोलींच्या आकड्यांबरोबर कराराची मराठी प्रत आणि परीक्षांचे कलम या दोन गोष्टींची विचारणाही संघमालकांकडे केली, तर प्रबोधिनीच्या दारात रांग लावणाऱ्या पालकांच्या ते अधिक उपयोगी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई