‘जुळले’ म्हणजे नेमके काय जुळले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘संशयिताच्या कपड्यांवरील रक्त जुळले’, ‘टायरच्या खुणांवरून आरोपी निष्पन्न’ अशी वाक्ये जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गुन्हेवृत्तांत नेहमी वाचायला मिळतात, आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. न्यायसहायक विज्ञानात मात्र जुळण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार मानले जातात. काही पुरावा वस्तूचा वा व्यक्तीचा केवळ गट सांगतो, तर काही पुरावा त्या गटातून एकाच उगमापर्यंत पोहोचवतो. बातमीत दोन्हींसाठी ‘जुळले’ हे एकच क्रियापद येते, म्हणून हे पत्र.

रक्ताचेच पाहू. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेले ए, बी, ओ हे गट आजही तपासले जातात. मयताचा गट बी असून संशयिताच्या शर्टावरील डागही बी गटाचा निघाला, तर एवढेच कळते की तो डाग बी गटाच्या कोणातरी माणसाचा आहे. आपल्याकडे ढोबळमानाने तिघांमागे एकाचा गट बी असतो. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आहे, म्हणजे त्या डागाला ‘जुळणारे’ दहा लाखांहून अधिक लोक याच जिल्ह्यात सापडतील. त्यातच संशयिताचा स्वतःचा गटही बी असेल, तर अशा अहवालातून त्याच्याविरुद्ध जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. पण हा तपशील बातमीत मी क्वचितच पाहिला आहे.

आपल्या भागात विहिरीवरील मोटारीची केबल चोरीला जाणे शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. भंगाराच्या दुकानात मिळालेली केबल चोरीच्या केबलच्याच कंपनीची, जाडीची आणि रंगाची असली, तरी तोच माल तालुक्यातील कितीतरी शेतकऱ्यांनी घेतलेला असतो. तो गटाचा पुरावा झाला. खरा पुरावा कापलेल्या टोकावर असतो. कटरच्या पात्याला वापराने बारीक खांडे पडतात आणि तांबे कापताना त्यांच्या रेघा धातूवर उमटतात. जप्त केलेल्या कटरने प्रयोगशाळेत केलेला काप आणि विहिरीवर उरलेल्या तुकड्याचा काप तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिले, तर त्या रेघांवरून विशिष्ट हत्यारापर्यंत पोहोचता येते. यासाठी विहिरीवरचे टोक पंचनाम्यात जप्त होऊन वेगळे सीलबंद व्हायला हवे, आणि कटर त्या खुणेत ‘बसतो का’ हे जागेवर पाहण्याचा मोह टाळायला हवा, कारण त्या घर्षणाने मूळ रेघा बिघडतात. चपलेचा तळवा किंवा टायरची नक्षी यांचेही असेच आहे. साचा एकच असल्याने नक्षी हजारो जोडांची सारखी असते. झीज, चीर, रुतलेला खडा या गोष्टी मात्र त्या एका जोडाच्या असतात, आणि ओल्या काळ्या जमिनीत त्या बऱ्यापैकी स्पष्ट उमटतात.

सातपुड्याच्या पट्ट्यात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांबाबत वेगळी अडचण आहे. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्यांची संख्या आणि दिशा यांवरून शस्त्राचा प्रकार कळतो आणि त्यांतील सूक्ष्म ओरखड्यांवरून ते शस्त्र ओळखता येते. गावठी कट्ट्याच्या नळीत बहुधा या खाचा नसतातच, त्यामुळे गोळीपेक्षा काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवरील चापटोल्याच्या (फायरिंग पिनच्या) खुणेवर अधिक भिस्त ठेवावी लागते. पुंगळीच सापडली नाही, तर ‘गोळी याच कट्ट्यातून सुटली’ हे विधान सावधपणे वाचलेले बरे.

याचा अर्थ गटाचा पुरावा कुचकामी आहे असा नव्हे. एखाद्याला संशयातून वगळण्यासाठी तो फार बळकट असतो. डाग मयताचा असल्याचा दावा असेल आणि गटच वेगळा निघाला, तर तो दावा तिथेच संपतो. परस्परांशी संबंध नसलेले असे तीन-चार दुवे एकत्र आले, तर त्यांचे वजनही वाढते.

उलट, एकाच व्यक्तीकडे बोट दाखवणारा पुरावाही निर्दोष समजू नये. सन २००४ मधील माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयने बोटांच्या ठशावरून ओरेगॉनमधील वकील ब्रँडन मेफिल्ड यांना ताब्यात घेतले. पुढे स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. केसांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीबाबतच्या ज्या साक्षींची फेरतपासणी झाली, त्यांपैकी किमान ९० टक्के साक्षींत चुकीची विधाने होती, असे एफबीआयनेच २०१५ मध्ये मान्य केले. केसासारखा गटापुरता असलेला पुरावा व्यक्तीपर्यंत ओढला की असे होते.

डीएनएबाबत तर आपल्या वाचकांचा समज फारच सरधोपट आहे. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर येथे शोधलेल्या पद्धतीतून आजची तपासणी विकसित झाली आणि पूर्ण नमुना मिळाला तर ती अत्यंत प्रभावी ठरते, यात वाद नाही. परंतु वडिलांकडून मुलाकडे येणाऱ्या वाय गुणसूत्रापुरती तपासणी झाली असेल, तर वडील, मुलगा, सख्खे भाऊ, काका आणि चुलतभाऊ यांचा निकाल बहुधा एकच येतो. ज्या गावात एकाच भाऊबंदकीची वीस घरे एका गल्लीत आहेत, तिथे ‘डीएनए जुळला’ हे वाक्य गटाचाच पुरावा सांगत असते. मुळाशिवाय मिळालेल्या केसातून सहसा मातेकडून येणारा डीएनएच हाती लागतो आणि तोही आईच्या सर्व मुलांत सारखा असतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. यापुढे असे अहवाल अधिक येतील आणि बातम्याही. आपल्या वार्ताहरांनी पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातील ‘जुळले’ हा शब्द जसाच्या तसा न उचलता कोणती तपासणी झाली आणि तिचा निष्कर्ष आणखी किती जणांना लागू पडू शकतो, हे विचारून छापावे, अशी विनंती आहे. तसेच काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल ‘जुळत नाही’ असा आला, तर तीही बातमी त्याच पानावर, पहिल्या बातमीइतक्याच ठळकपणे द्यावी.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
चोपडा, जि. जळगाव