सोळाव्या वर्षानंतरची उडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेर्ड ओझेनबर्ग हे नाव आपल्या वाचकांनी फारसं ऐकलेलं नसणार. हे जर्मनीतले उड्यांचे प्रशिक्षक. विट्याजवळच्या शाळेत मी हयातभर पीटी शिकवली, आणि मला त्यांचा हेवा वाटत आलाय.

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये उलरिके मायफार्थ या सोळा वर्षांच्या शाळकरी पोरीनं उंच उडीत १.९२ मीटर पार करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी माँट्रियलला तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. आपल्याकडे एव्हाना स्थळं बघायला घेतली असती. ती लेव्हरकुझेनच्या क्लबात ओझेनबर्गांकडे गेली. ते काही नवखे नव्हते. म्युनिकलाच लांब उडीत ६.७८ मीटरवर, अवघ्या एका सेंटिमीटरनं जिंकलेली हायडे रोझेनडाल त्यांचीच. पण एकदा शिखर बघून खाली आलेल्या मुलीला पुन्हा तयार करणं नवखीला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे कुठलाही पीटीचा मास्तर सांगेल. १९८०चं मॉस्को ऑलिंपिक पश्चिम जर्मनीच्या बहिष्कारात गेलं. तरी १९८२मध्ये अथेन्सला २.०२चा जागतिक विक्रम, पुढच्या वर्षी २.०३, आणि १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा सुवर्ण! पुढं १९९२ला बार्सिलोनात हाइके हेंकेलनं सुवर्ण घेतलं, तीही ओझेनबर्गांचीच.

आमच्या भागात सोळाव्या वर्षी छान उडणारी मुलगी अधूनमधून निघतेच. नाशिककडच्या सर्वेश कुशारेनं २०२५मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटरवर सहावा क्रमांक घेतला. तेव्हा मराठी पायांत उडी नाही, असं कुणी म्हणू नये. पण आडव्या दांडीवरून जाऊन पाठीवर पडायची, फॉसबरी या अमेरिकन खेळाडूची पाठमोरी उडी वाळूच्या खड्ड्यात शिकवायची कशी? पोर मानेवर पडली तर जबाबदार कोण? त्याला जाड गादीच लागते. ती नसली की मुली एकेक पाय टाकून जायची जुनी कैचीच मारत राहतात, आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण पदरात पडले की घरचे म्हणतात, बास झालं आता.

लेव्हरकुझेनच्या क्लबाला बायर या औषध कंपनीचा आधार होता. आपल्या साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं, खुराक दिला, त्याचं मोल मी जाणते. त्यांनीच आता तालुक्याला उंच उडीची एक गादी आणि एक पगारी प्रशिक्षक द्यावा. दर जूनला बदलणारा नव्हे, दहा वर्षं एका मैदानावर टिकणारा.

आपल्यालाही एक विनंती. शालेय स्पर्धांचे निकाल छापताना मुलीच्या नावाशेजारी तिला शिकवणाऱ्याचंही नाव द्या. अभिनंदन करणाऱ्या अध्यक्ष-सचिवांना जागा मिळतेच की, त्यातलं एखादं नाव कमी केलं तरी चालेल.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, विटा, जि. सांगली