हौदातला चुना मार्चअखेरीची वाट पाहत नाही

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, ते दिवस चुन्याच्या कामाला सर्वांत चांगले असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या हातांना काम नसते. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची मंजुरी बहुधा मार्चअखेरीस येते, मुदत दोन-तीन महिन्यांची असते, आणि पारा ४५ अंशांकडे चढत असताना आम्ही गिलावा करायला लागतो. निविदेत चुना लिहिलेला असूनही भिंतीवर सिमेंट का चढते, याचे मूळ मला ठेकेदाराच्या लबाडीपेक्षा (तीही असते, मी स्वतः ठेकेदार आहे, नाकारत नाही) या वेळापत्रकात दिसते.

भट्टीतून आलेली कळी, म्हणजे भाजलेला चुनखडक, पाण्यात टाकली की उकळते, फुटते आणि तासाभरात पांढरा लगदा दिसू लागतो. घाईत असलेल्याला तेवढ्यावर चुना तयार झाला असे वाटते. परंतु जास्त भाजलेले खडे पाणी फार सावकाश घेतात. ते गाळून काढले नाहीत आणि चुना पाण्याखाली निदान काही आठवडे, जमल्यास तीन-चार महिने मुरू दिला नाही, तर ते गिलाव्यात गेल्यावर फुगतात. महाल भागातल्या एका वाड्यात ही चूक मीच केली आहे. मुदत संपत आली म्हणून आठ दिवसांचा चुना वापरला, आणि पावसाळा सरताच भिंतीवर रुपयाएवढे खड्डे पडले, प्रत्येकाच्या तळाशी एक पांढरा ठिपका. मुरलेला चुना थापीला लोण्यासारखा धरतो. मग तो वाळू आणि सुरखीबरोबर (म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर) घाणीत दळायचा. हिरड्याचे आणि गुळाचे पाणी किती घालावे, यावर दोन गवंड्यांचे एकमत मी अजून पाहिलेले नाही. वाळूचे मात्र तसे नाही: जुन्या गिलाव्याचा तुकडा विरल आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि मूळ वाळू खाली उरते, तिच्यावरून ती कशी आणि किती घातली होती ते कळते.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, आणि त्याला ओलावा लागतो. मे महिन्यातल्या दुपारी ओले बारदान लावूनही गिलावा घट्ट होण्याआधीच सुकतो, बोट फिरवले तर भुकटी हाताला लागते. मग "थोडे सिमेंट टाका" असा तोंडी आदेश येतो. कठीण सिमेंट भिंतीतला ओलावा अडवते, तो शेजारच्या जुन्या विटेतून वाट काढतो, विटेला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि काही वर्षांत ती पिठासारखी झडू लागते. वरचा गिलावा मात्र तपासणीच्या दिवशी ठणठणीत असतो.

म्हणून माझी विनंती अशी, की चुना विझवून मुरवण्याचे शासकीय हौद नागपुरात बांधावेत आणि रामटेक-नगरधनपासून शहरातल्या जुन्या वास्तूंपर्यंत सर्व कामांना तिथूनच चुना द्यावा. चुनखडक दूरचा नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतला तोच दगड सिमेंट कारखान्यांना जातो. दरसूचीत मुरवण्याचा काळ आणि घाणीची मजुरी धरावी, आणि गिलाव्याची मुदत दसरा ते होळी अशी असावी. हौद येत्या जूनपूर्वी भरले, तर आपण डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा चुना सहा महिन्यांचा झालेला असेल.

आपला नम्र,
जुन्या इमारतींची कामे करणारा नागपूरचा एक ठेकेदार