सिव्हिलच्या सर्जरी वॉर्डातील रुग्णांसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

साखर कारखान्यांचे गाळप हंगाम तोंडावर आले आहेत. फडांवर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं, म्हणून घाईनेच लिहीत आहोत.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सर्जरीच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना हात देणारं आमचं छोटं मंडळ आहे. निवृत्त सिस्टर, शिक्षक, एक-दोन मेडिकल दुकानदार, काही विद्यार्थी, एवढाच बारदाना. या वेळची मागणी पेरिटोनायटिसच्या रुग्णांसाठी आहे. जठराला, आतड्याला किंवा अपेंडिक्सला छिद्र पडतं, आतलं आम्ल, अन्न, मळ पोटाच्या पोकळीत सांडतो आणि पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येऊन पू होतो. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, अगदी सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही असे रुग्ण सोलापूरला येतात.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बऱ्याचदा मोठ्या आतड्यापासून सुरू होतो. आपल्याकडे बहुतेक वेळा जठराच्या लगेच पुढच्या भागातला अल्सर फुटलेला असतो. त्याखालोखाल टायफॉइड, आतड्याचा टीबी, अपेंडिक्स आणि पोटाला बसलेला मार. टायफॉइडमध्ये छिद्र बहुधा तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडतं, म्हणजे ‘आता ताप उतरतोय’ असं घरच्यांना वाटायला लागतं तेव्हा. अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो (तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं), पण आमच्या वॉर्डात तेवढ्याच वेळा ऐकू येतात त्या अंगदुखीच्या गोळ्या आणि तंबाखू. कंबर धरली म्हणून पहाटे उपाशीपोटी गोळी घ्यायची, वर तंबाखूची चिमूट लावायची आणि फडात उतरायचं. मेडिकलवाल्या बंधूंनो, रोज तीच गोळी मागायला येणाऱ्या माणसाला एकदा तरी ‘पोटात जळजळतं का?’ एवढं विचारा. ही मदत फुकट आहे आणि आमच्या लेखी पैशांहून मोठी आहे.

आजार किती गंभीर, हे मोजायला सर्जन मानहाइम इंडेक्स वापरतात. ४७ पैकी गुण. वय पन्नाशीपुढे असेल तर ५, बाई असेल तर ५, किडनी-फुप्फुसं ढासळली असतील तर ७, पोटात पू असेल तर ६, मळ असेल तर १२. गुण २९ च्या वर गेले की माणूस वाचवणं फार अवघड होतं. वय कुणाला बदलता येत नाही. पण याच यादीत ‘ऑपरेशनआधी २४ तासांहून जास्त वेळ गेला’ याचे ४ गुण आहेत, आणि त्या वेळात पोटभर पसरलेल्या पुवाचे आणि थकलेल्या किडनीचे गुण त्यावर चढतात. म्हणजे बराचसा निकाल गावात, फडात आणि रस्त्यातच लागलेला असतो. आमचं म्हणणं एवढंच आहे.

म्हणून हे घरोघरी सांगा: अचानक भोसकल्यासारखं दुखलं, पोट फळीसारखं कडक झालं, हलताना-खोकताना कळ आली, की गोळी, काढा, शेकणं काही नको. तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करा. मधे काही तास दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. तो बरेपणा नव्हे. नेमके याच वेळी लोक गाडी परत पाठवतात.

आता पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचा खर्च बसतो. अडतं ते पुढे. आतडं फार खराब असेल तर त्याचं तोंड पोटावर काढून ठेवावं लागतं आणि मळ पिशवीत घ्यावा लागतो, बहुधा दोन-तीन महिने, परत जोडेपर्यंत. लहान आतड्यातला पातळ मळ कातडी अक्षरशः भाजून काढतो. नीट चिकटणारी पिशवी आणि तिच्याभोवती कातडीला लावायची पेस्ट परवडत नाही, म्हणून घरी गेलेली माणसं साधी प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांधतात, कातडी सोलते, आणि मळ फार होऊ नये म्हणून खाणं-पाणीच कमी करतात. अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं, त्यात हे. अशा रुग्णाला घरी जाताना पिशव्या, पेस्ट आणि ओआरएस हातात देता यावं, यासाठी निधी हवा आहे. उरलेल्या पैशांतून सोबतच्या नातेवाइकाचं जेवण आणि परतीचं एसटीचं भाडं देऊ. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला तेवढाही आधार पुरतो.

मुकादम आणि कारखान्यांच्या मंडळींना वेगळी विनंती आहे. प्रत्येक टोळीमागे रात्री-अपरात्री निघू शकेल असं एक वाहन आणि एक चालक आधीच ठरवून ठेवा.

मदत वस्तूंच्या रूपातही चालेल. पिशव्या आणताना मात्र आधी वॉर्डातल्या सिस्टरांना माप विचारा, चुकीच्या मापाच्या पिशव्या पडून राहतात. रोख रक्कम दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशोब वॉर्डाबाहेरच्या फलकावर लागतो, कुणीही वाचावा, विचारावा. आणि रक्तदान शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत करा. कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीत नेमका तेव्हाच तुटवडा पडतो.