स्क्रीन किती इंची ते राहू द्या, नजर किती सेकंद हटते ते छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं गाड्या आणि गॅजेटवालं पान मी आधी वाचतो, बाकीचा पेपर नंतर. त्यामुळे त्या पानाशी भांडायचा थोडाफार हक्क आपल्याला आहे असं समजून लिहितोय. बरेच महिने बघतोय, कुठल्याही नव्या गाडीबद्दल लिहायचं म्हटलं की पहिल्या दोन ओळींत स्क्रीन येतो. दहा इंची, बारा इंची, आता पंधरा इंची, मग बाजूला बसणाऱ्यासाठी वेगळा, मागे बसणाऱ्यांसाठी आणखी वेगळा. सस्पेन्शन कसं आहे, ब्रेक कसे लागतात, सीटवर तीन तास बसलं की पाठ धरते का, हे सगळं शेवटच्या परिच्छेदात कोंबलेलं असतं. आणि तो स्क्रीन गाडी चालवताना वापरायला कसा आहे हे तर कोणीच लिहीत नाही, जणू गाडी फक्त पार्किंगमध्ये बसून बघायची वस्तू आहे.

आधीच सांगतो, मी स्क्रीनचा वैरी नाही. नवा फोन आला की त्याचा प्रोसेसर कुठला हे मला कंपनीच्या कार्यक्रमाआधी माहीत असतं, हेडफोनचे कोडेक (म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धती) या विषयावर मित्रांची झोप उडेपर्यंत बोलू शकतो, गाडीत गाण्याशिवाय मी किल्लीसुद्धा फिरवत नाही (आता किल्ली कुठे राहिलीये म्हणा, बटण दाबत नाही असं वाचा). नकाशा मोठ्या स्क्रीनवर बघायला मस्त वाटतं आणि रिव्हर्स कॅमेऱ्याने किती बंपर वाचवलेत त्याची गणती नाही. तक्रार एवढीच की जे काम हाताने चाचपून होत होतं ते डोळ्यांवर टाकलंय, आणि डोळे तर आधीच रस्त्यावर कामाला आहेत.

साधं उदाहरण घ्या. बाहेर पाऊस आहे, गाडीत चार जण बसलेत, समोरची काच आतून धुरकट व्हायला लागते. जुन्या गाडीत काय करायचो? डावा हात खाली, गोल नॉब सापडला, दोन खटके उजवीकडे, हवा काचेवर, झालं. प्रत्येक खटका बोटाला कळतो, त्यामुळे बघायची गरजच नाही. नव्या गाडीत आधी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातलं तापमानाचं चिन्ह शोधा, त्यावर बोट टेकवा, मग एसीचं पान उघडणार, मग त्यात काचेचं चिन्ह शोधायचं, पुढच्या आणि मागच्या काचेची चिन्हं लांबून सेमच दिसतात, तेवढ्यात गाडी खड्ड्यात जाते आणि बोट घसरून शेजारच्या चिन्हावर पडतं, मागच्या सीटवरून आवाज येतो की गाणं का बदललं. आणि हे सगळं चालू असताना काच आणखी धुरकटतेय. साठच्या स्पीडला दोन सेकंद नजर हटली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि वरचा उद्योग दोन सेकंदांत आटपत नाही हे कोणीही स्वतः करून बघू शकतं, मात्र गाडी उभी करूनच बघा. अमेरिकेतल्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी ज्या सूचना काढल्या त्यात म्हटलं होतं की एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर हटू नये आणि पूर्ण काम बघण्याच्या एकूण १२ सेकंदांत संपावं. कंपन्यांना ते ऐच्छिक होतं, म्हणजे पुढे काय झालं ते डॅशबोर्डवर दिसतंच आहे.

हे मी हवेत बोलत नाहीये. स्वीडनच्या वी बिलेगारे नावाच्या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये एक टेस्ट घेतली. ११ नव्या गाड्या आणि त्यांच्यासोबत २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही७० घेऊन ते एका धावपट्टीवर गेले, ताशी ११० किलोमीटरला चालवायची आणि चालवता चालवता चार कामं करायची, सीटचा हीटर लावणे, तापमान दोन अंशाने वाढवणे, रेडिओवर ठरलेलं स्टेशन लावणे, मीटरचा प्रकाश कमी करणे वगैरे. ड्रायव्हरना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, म्हणजे नवखेपणाचा बहाणा नाही. जुन्या व्होल्वोने सगळं १० सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिली एमजी मार्व्हल आर, ४४.९ सेकंद आणि १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या वर! सतरा वर्षं जुनी गाडी, ना तिला मोठा स्क्रीन ना काही, आणि ती पहिली आली. टेस्ट करायला फार काही लागलं नाही, एक स्टॉपवॉच आणि रिकामा सरळ रस्ता. असलं काही तुमच्या पानावर आलं तर मी तो अंक जपून ठेवीन.

मग कंपन्या असं का करतात? लोकांना वाटतं फॅशन म्हणून, पण खरं गणित वेगळं आहे. एक नॉब म्हणजे त्याचा साचा, त्याची वायर, त्याचा कनेक्टर, मागे त्याचा दिवा, आणि प्रत्येक मॉडेलला वेगळं डिझाइन. वीस बटणं काढून एक स्क्रीन बसवला की हा सगळा पसारा गेला, बेस मॉडेल असो की टॉप मॉडेल, स्क्रीन तोच, आत सॉफ्टवेअर बदललं की झालं. शिवाय फॅक्टरीत गाडी पूर्ण व्हायच्या आधी मेनू ठरवायची घाई नाही, नंतर अपडेट पाठवता येतो. आणि सगळ्यात गोड भाग म्हणजे जे सॉफ्टवेअरने चालतं ते नंतर भाड्यानेही देता येतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिन्याची वर्गणी लावली होती, हीटर गाडीत बसवलेलाच आहे पण चालू करायचे पैसे वेगळे. लोकांनी इतकी ओरड केली की २०२३ मध्ये ते बंद केलं. बटण असतं तर असली वर्गणी सुचायलाही जड गेली असती.

आणि हे काही नवीन नाही बरं का. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरामध्ये टचस्क्रीन होता, जुन्या टीव्हीसारखी नळी, हिरवी अक्षरं, रेडिओ आणि एसी त्याच्यातूनच. गिऱ्हाइकांना तो पटला नाही, दर वेळी रस्त्यावरची नजर काढावी लागते हीच तक्रार तेव्हाही होती, आणि १९९० च्या मॉडेलला तो काढून टाकला. पुढे २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आयड्राइव्ह आणलं, सगळी कामं एका गोल नॉबमध्ये, त्यालाही लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण निदान हात ठेवायला एक जागा होती आणि सुधारत सुधारत ते चांगलं झालं. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंची उभा स्क्रीन टाकला आणि मग सगळे त्याच्या मागे धावत सुटले. टेस्लाचं निदान सॉफ्टवेअर चपळ होतं, मागे धावणाऱ्यांनी नुसता आकार उचलला. फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत आवाज आणि तापमानासाठी बोट सरकवायच्या पट्ट्या दिल्या आणि त्या पट्ट्यांना रात्री दिवाच नव्हता! अंधारात चाचपडा. असलं काहीतरी मंजूर करणाऱ्या मीटिंगमध्ये एकानेही ती गाडी रात्री चालवलेली नसणार.

माझदाचं मात्र कौतुक. त्यांनी २०१९ च्या माझदा३ मध्ये मुद्दाम टच काढला, स्क्रीन लांब ठेवला आणि खाली गोल नॉब दिला, का तर स्क्रीनकडे हात लांब केला की स्टीअरिंगवरचा हातही नकळत हलतो. आता बाकीच्यांनाही जाग येतेय, फोक्सवॅगन बटणं परत आणतोय असं त्यांच्याच डिझाइन प्रमुखांनी सांगितलंय. आणि युरो एनकॅप, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरोपातली संस्था, ज्यांचे स्टार तुम्ही ठळक अक्षरांत छापता तेच, त्यांनी २०२६ पासून असं ठरवलंय की पूर्ण गुण पाहिजेत तर इंडिकेटर, हॅझार्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि इमर्जन्सी कॉल या पाच गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडी पाहिजे. वायपरला बटण असावं हे नियमात लिहावं लागतं, इथपर्यंत आपण आलोय. जर्मनीत तर एका टेस्लावाल्याला वायपरचा वेग स्क्रीनवर बदलताना अपघात झाला म्हणून दंड झाला आणि २०२० मध्ये कार्लसरूहेच्या वरच्या कोर्टाने तो कायम ठेवला. कोर्टाचं म्हणणं असं की गाडीत पक्का बसवलेला स्क्रीन असला तरी तो फोनसारखंच एक उपकरण आहे, नियम तोच लागणार.

आता गाण्यांचं. हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय त्यामुळे जरा लांबेल, कात्री लावायची तर दुसरीकडे लावा. १९३० मध्ये गाडीत बसवायचा मोटोरोला रेडिओ आला तेव्हाही ड्रायव्हरचं लक्ष उडेल म्हणून आरडाओरड झाली होती, म्हणजे हा वाद आपल्या आजोबांच्या वयाचा आहे. पण रेडिओला दोन नॉब होते, एक आवाजाचा एक स्टेशनचा, आठवड्याभरात हाताला सवय झाली आणि वाद मिटला. मग कॅसेट, मग सीडी. त्या काळातली भारी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डमधला तो चौकोनी खाचा, त्याचं माप ठरलेलं, १८० बाय ५० मिलीमीटर, आणि मोठा असेल तर उंची दुप्पट. कुठल्याही कंपनीची गाडी आणि कुठल्याही कंपनीचा स्टीरिओ. कंपनीचा आवडला नाही? चार क्लिप काढा, जुना बाहेर, नवा आत, मागे वायरचा जोड लावा, संध्याकाळपर्यंत गाडीचा आवाजच बदललेला. आमच्यासारख्यांचे कित्येक रविवार त्यात गेलेत. आता स्क्रीनमध्येच एसी, कॅमेरा, गाडीच्या सगळ्या सेटिंग, त्यामुळे म्युझिक सिस्टीम बदलायची म्हणजे अर्धा डॅशबोर्डच बदलायचा, कोण हात घालणार.

आणि टिकण्याचं काय? फोन आपण चार वर्षांत टाकतो, गाडी पंधरा वर्षं चालते. २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत जवळपास १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण काय तर स्क्रीनमागच्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची मेमरी झिजली. फ्लॅश मेमरीवर ठराविक वेळाच लिहिता येतं, गाडी रोज चालू केली की काही ना काही लिहिलं जातं, आणि एक दिवस मेमरी निकामी झाली की रिव्हर्स कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायची सेटिंग दोन्ही गेलं. मोटर ठणठणीत आणि गाडी गॅरेजमध्ये, का तर चिप थकली! माझ्या एका मित्राच्या गाडीत (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको) रात्रीत अपडेट आला आणि सकाळी एसीचं चिन्ह डावीकडून उजवीकडे गेलेलं, बिचारा आठवडाभर एसी लावायला गेला की नकाशा मोठा करत होता.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोमुळे (फोनवरची अॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय) यातला अर्धा ताप कमी झाला होता हेही सांगायला पाहिजे. फोन आपला, गाणी आपली, नकाशा आपला, गाडीने फक्त स्क्रीन द्यायचा, आणि फोन बदलला की गाडीचा स्क्रीनही आपोआप तरुण. म्हणूनच २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत हे देणार नाही, सगळं आमचंच वापरा, तेव्हा माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक ज्या एका गोष्टीवर खूष आहे तीच काढायची म्हणजे कमाल आहे.

तर मुद्द्याचं. तुमच्या पानावर गाडीचं परीक्षण येतं तेव्हा शेवटी एक चौकट असते, लांबी, रुंदी, पॉवर, बूट स्पेस. त्यात थोडी भर घाला एवढीच विनंती आहे. काचेवरचं धुकं घालवायला स्क्रीनवर किती वेळा बोट टेकवावं लागतं, एक की चार. आवाजाला नॉब आहे की नाही. हॅझार्ड लाइट न बघता सापडते का. अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने लेखी दिलंय का, आणि एखादं फीचर काही महिन्यांनी पैसे मागणार आहे का. स्क्रीन बंद पडला तर गाडीत काय काय चालू राहतं, हे तर नक्की विचारा, शोरूममध्ये मी हे विचारलं की सेल्समन आधी हसतो आणि मग मॅनेजरला बोलवायला जातो. टेस्ट ड्राइव्हला तुमच्या प्रतिनिधींना गाडी तीन-तीन दिवस मिळते, आम्हाला वीस मिनिटं मिळतात आणि त्यातली दहा सेल्समन बाजूला बसून सनरूफ उघडून दाखवण्यात घालवतो. त्यामुळे हे तपासायचं काम आमच्यापेक्षा तुम्हाला सोपं आहे.

शक्य झालं तर एकदा रात्री, पावसात, गाडी भरलेली असताना चालवून लिहा. इंच छापायचे तर खुशाल छापा, फक्त त्याच्या शेजारी सेकंदही छापा.

आपला,
एक गाडीवेडा वाचक