पोटाला चिमटा नको, पाकिटावरचं वजन वाचा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागे घरखर्च कमी कसा करावा त्यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचंच. लेखात होतं की बाहेरचं खाणं बंद करा, महागडी कॉफी सोडा, सिनेमा महिन्यातून एकदाच बघा. आता खरं सांगते, आपल्या इंदुरात सुदामा नगर काय, रामबाग काय नि लोकमान्य नगर काय, पेन्शनवर नाही तर एका पगारावर चालणाऱ्या आमच्यासारख्या घरांत हे सगळं आधीपासूनच बंद आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आली तर आली, तेवढीच चैन, आणि ती मी कुणाला सोडा म्हणणार नाही. खर्च वाढतोय तो गहू, तेल, डाळ, दूध, गॅस, वीज यांच्यात, आणि तिथे सोडणार काय? मग घरातलं एक माणूस गुपचूप स्वतःच्या ताटातलं कमी करतं, आणि ते माणूस कोण असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या माहेरी मी हे डोळ्यांनी बघितलंय. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, आम्ही तीन भावंडं शाळेत. आईची हिशोबाची वही अजून माझ्याकडे आहे, लाल कापडाच्या पाठीची. त्यात एका पानापर्यंत रोज 'दूध १ लि.' लिहिलंय आणि पुढच्या पानापासून 'दूध अर्धा'. तो जो अर्धा लिटर गेला तो आमच्यापैकी कुणाचाच कमी झाला नाही, आम्हाला पेला तसाच मिळायचा. तिचा चहा कोरा झाला, वरण आमच्या वाटीत आणि ती पोळी खायची लोणच्याच्या खाराशी. वर्षभरात तिचं रक्त इतकं कमी झालं की दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि वहीत त्या महिन्याच्या औषधांचा जो आकडा आहे तो वर्षभर वाचवलेल्या दुधापेक्षा मोठा आहे. मी ती बेरीज लग्नानंतर एकदा बसून केली होती आणि खूप रडले होते. म्हणून कुणी काटकसर म्हटलं की मी आधी विचारते, कुणाच्या पोटातून करताय?

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचवायचं तर वजनातून वाचवा, मीटरमधून वाचवा, जेवणातून नको. आणि वजनाकडे आपण कुणी बघतच नाही, भाव बघतो.

मागच्या महिन्याची गोष्ट. किराण्याच्या दुकानात सोयाबीन तेलाचे दोन पाऊच शेजारी ठेवले होते, एक १४५ चा, एक १३२ चा. दोन्ही दिसायला सारखेच, तेवढेच उंच, तेवढेच फुगलेले. सूनबाईने साहजिकच १३२ वाला उचलला. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली तर १४५ वाल्यावर १ लिटर, ९१० ग्रॅम आणि १३२ वाल्यावर ८०० ग्रॅम. तिथेच काउंटरवर मोबाइलमध्ये भागाकार केला. पहिला पडला किलोला साधारण १५९ रुपये आणि 'स्वस्त' वाला १६५ रुपये. म्हणजे १३ रुपये वाचले असं वाटून आपण किलोमागे सहा रुपये जास्त देऊन येतो, आणि तेल तीन-चार दिवस आधी संपलं की म्हणतो या महिन्यात तळण जास्त झालं!

आता यात दुकानदाराची चूक नाही आणि कंपनी काही लपवतेय असंही नाही, वजन लिहिलेलंच असतं. आधी तेल, चहा, बिस्किटं, साबण अशा बऱ्याच वस्तूंचे ठरलेले मापच असायचे, २०२१ मध्ये नियम बदलला आणि पुढच्या वर्षी ती सक्ती गेली, त्यामुळे आता ८०० ग्रॅम, ८४० ग्रॅम काहीही येतं. पण त्याच बदलात ग्राहकाच्या फायद्याची एक गोष्ट आली, ती म्हणजे एमआरपीजवळ एका ग्रॅमचा किंवा एका मिलीचा, मोठ्या पाकिटावर किलोचा किंवा लिटरचा, भाव छापणं. माझ्या ओळखीतल्या दहा बायकांना विचारलं, नऊ जणींना हे माहीतच नव्हतं. पाकीट उलटं करा, एमआरपीच्या आसपास 'प्रति ग्रॅम' किंवा 'प्रति किलो' असं लिहिलेलं सापडतं, दोन पाकिटांवरचे ते दोन आकडे बघायचे, बस, भागाकारसुद्धा करावा लागत नाही. मी चहा, डिटर्जंट, बिस्किटं, तेल सगळं असंच घेते आता. आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं हाही गैरसमज आहे बरं का, चहापत्तीत मला दोनदा उलटं सापडलंय.

दुसरी मोठी गोष्ट गव्हाची. माळव्यात राहून आपण पाच-पाच किलोची पिठाची थैली आणायला लागलो याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरांनी मिळून गेल्या तीन वर्षांपासून सांवेरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून एप्रिलच्या शेवटी गहू आणवायला सुरुवात केली, बहुतेकांचा लोकवन, दोन घरं शरबती घेतात, आणि बाफले-रव्यासाठी थोडा मालवराज सगळ्यांचा मिळून. यंदा लोकवन आम्हाला घरपोच २९०० रुपये क्विंटल पडला. निवडताना जाणारी घट नि चक्कीचे दळणाचे पैसे धरले तरी पीठ किलोला ३५ च्या वर गेलं नाही, आणि आमच्या गल्लीत पाकिटाचं पीठ ४५ ला आहे. आमच्या चार माणसांच्या घरात वर्षाला दोन क्विंटल लागतो, म्हणजे २००० रुपये नुसते इथेच राहिले, आणि पोळी किती मऊ होते ते वेगळंच. शिवाय २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्यावर नि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या धान्यावर नाही. बाजारात तांदळाच्या, पिठाच्या २६ किलोच्या थैल्या दिसतात ना, त्या याचसाठी असतात.

बऱ्याच जणी म्हणतात की कीड लागते, कोण करणार ते सगळं. तर मी सांगते कसं करतो आम्ही. गच्चीवर जुन्या चादरी पसरायच्या, दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे गरम गहू कोठीत भरायचा नाही, रात्रभर गार होऊ द्यायचा, नाही तर आत घाम धरतो नि तिथूनच कीड सुरू होते. सकाळी २० किलोचा ढीग घ्यायचा, त्यात साधारण १०० ग्रॅम एरंडेल, आणि दोन्ही तळहातांनी असं चोळायचं की प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे पण हाताला तेल लागता कामा नये. कोठीच्या तळाला नि वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना वाकवत नाही, त्या खुर्चीवर बसून मूठभर गहू कानाजवळ खुळखुळवतात आणि सांगतात वाळला की नाही, आणि अजून एकदाही चुकल्या नाहीत. ज्यांच्याकडे कोठीला जागा नाही त्यांनी दोन घरांत एक कोठी ठेवलीय. वर्षाचे पैसे एकदम निघत नाहीत ही अडचण खरी आहे, म्हणून आम्ही दिवाळीपासून दर महिन्याला घरामागे हजार-हजार रुपये एका डब्यात टाकतो.

आता वीज. आमच्याकडे मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच लागतात, वरच्यांना नेहमीचा दर. पण १५० च्या वर गेलं की त्या महिन्याची पूर्ण सवलत जाते, फक्त वरच्या युनिटांची नाही. मला हे ठाऊक नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका महिन्यात १४६ युनिट आले, पुढच्या महिन्यात १५८, फरक १२ युनिटचा आणि बिल दुपटीच्या वर, मी बिल घेऊन भांडायला निघाले होते, शेजारच्या दादांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं. हिशोब रोजच्या ५ युनिटचा असतो, म्हणजे रीडिंग ३३ दिवसांनी घेतलं तर १६५ पर्यंत चालतं.

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी अंघोळीच्या आधी मीटर वाचते आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहिते. आठवड्याला ३५ च्या आत असलं पाहिजे. एका रविवारी ४१ आले की घरात सगळ्यांना सांगायचं, मग पुढच्या आठवड्यात कूलर जरा उशिरा लागतो, इस्त्रीचे कपडे एकदमच होतात. महिनाअखेरीस बिल हातात आल्यावर काही करता येत नाही, आठवड्यात कळलं तर येतं. आणि खरा फरक पडला पंख्यांनी. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, २८ च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात, आम्ही दोन बदलले, ४२ युनिट. एकदम नाही बदलले, एक दिवाळीला नि एक मुलाच्या बोनसमध्ये. गीझर २००० वॅटचा, अर्धा तास चालू राहिला की एक युनिट गेलं, म्हणून पाणी तापलं की बटण बंद करून मग अंघोळीला जायचं, आधी जे पाणी अंगावर घेईपर्यंत चालूच असायचं ते बंद. यात कुणाला उकाड्यात बसवलं नाही की थंड पाण्याने अंघोळ करायला लावली नाही.

गॅसचं थोडक्यात सांगते. डाळ अर्धा तास आधी भिजवा, कुकरमध्ये वरण-भात-बटाटे एकदमच लावा, पहिली शिट्टी झाली की आच मंद. आणि सिलिंडर घेताना वजन करून घ्या, आतला गॅस १४.२ किलो असायला हवा आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. आमच्याकडे एकदा दीड किलो कमी भरलं, काटा आणायला सांगितला म्हणून कळलं, बदलून दिलं त्यांनी. मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

यांच्या शुगरच्या नि बीपीच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून जन औषधी केंद्रातून घ्यायला लागलो, औषध तेच आणि पैसे निम्म्याहून कमी. मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या सामानाचं बिल एकदा नीट उघडून बघा, वीस रुपयांच्या कोथिंबिरीवर हँडलिंग नि डिलिव्हरीचे किती लागलेत ते. मुलाला मी एका महिन्याची ती सगळी जास्तीची रक्कम मांडून दाखवली, ६१० रुपये झाले, त्याने त्याच दिवशी स्वतःहून ठरवलं की अडीअडचणीलाच मागवायचं.

या सगळ्यातून आमच्या घरी महिन्याला जे उरतं त्यातलं पहिलं मी काय केलं सांगू, अर्धा लिटर दूध वाढवलं. सूनबाईला सातवा महिना चालू आहे, आणि रात्री तिच्यासमोर पेला ठेवल्यावर ती पिईपर्यंत मी तिथून हलत नाही.

संपादक साहेब, आता विनंती. पूर्वी पेपरात बाजारभावाचा कोपरा असायचा, माझे वडील रोज वाचायचे. तो पुन्हा सुरू करा, पण मंडीतल्या क्विंटलच्या भावासोबत घरात लागणाऱ्या वीस वस्तूंचा किरकोळ भाव द्या, आणि तो पाकिटाचा नको, किलोचाच द्या. सोयाबीन तेल किलोला किती, तूरडाळ किती, साखर किती, पोहे किती. आठवड्यातून एकदा दिलं तरी चालेल. म्हाताऱ्या माणसांना बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, तो कोपरा कापून ते दुकानात घेऊन जातील. मी दर शनिवारी सियागंजच्या बाजारात जातेच, मारोठिया बाजारातही चक्कर होते, तुमच्याकडे माणूस नसेल तर दोन्हीकडचे भाव वहीत लिहून संध्याकाळी सहाच्या आत तुमच्या ऑफिसला पोचवायची जबाबदारी माझी. वही तीच, आईची. मागची बरीच पानं अजून कोरी आहेत.

आपली नियमित वाचक,
सुदामा नगर, इंदूर